ढवळणे : ४ तास

गुरुवारी सकाळी चहाच्या मशीनपाशी मुंगीनं मला विचारलं, "सर, शुक्रवारी केलेलं द्रावण सोमवारपर्यंत कुठं होतं?" आणि मी कप तोंडाशी नेता नेता म्हणालो, "फ्रीजमध्ये." इतकं पटकन म्हणालो की माझं मलाच आश्चर्य वाटलं. चहानं जिभेला चटका दिला. ती सतराव्या बॅचची वही छातीशी धरून उभी होती, निळ्या पुठ्ठ्याची, आतलं अक्षर माझं. तिनं खूण घातलेलं पान उघडून दाखवलं. द्रावण केलं त्याची तारीख शुक्रवारची, तांब्यावर लेप दिला त्याची तारीख सोमवारची, मधे कोरी ओळ. "फ्रीजचं लिहिलेलं नाही," ती म्हणाली. राहिलं असेल लिहायचं, मी म्हणालो. तिनं मान डोलावली, आपल्या कागदावर पेन्सिलीनं 'फ्रीज' लिहून खाली रेघ मारली आणि गेली. मुंगी हे काही तिचं खरं नाव नाही, पण आमच्या मजल्यावर तिला सगळे तसंच म्हणतात, कारण वाटेत कोणी बोट ठेवलं तर ती वळसा घालते आणि पुन्हा आपल्या रांगेत येते. चौदा महिने ती माझं अक्षर वाचते आहे. सतराव्या बॅचला तीन वर्षं झाली, आणि हा प्रश्न तोवर कोणी विचारला नव्हता. मीही नाही.

माझं काम सांगायला सोपं आहे. बॅटरीच्या आत तांब्याच्या पातळ पत्र्यावर एक काळा लेप असतो. त्यात सिलिकॉनची भुकटी, थोडी काजळी आणि या दोघींना पत्र्याला धरून ठेवणारा डिंक. डिंक हा माझा शब्द, कागदोपत्री त्याला बाइंडर म्हणतात, आणि त्यावरून मला डिंकसाहेब म्हणतात. बॅटरी चार्ज होताना सिलिकॉनचा कण तिपटीनं फुगतो, उतरताना आक्रसतो, आणि हे प्रत्येक वेळी, न चुकता. साधा डिंक अशा शे-दोनशे फेऱ्यांत हात टेकतो, लेपाला भेगा पडतात, खपल्या निघतात आणि सेल मरतो. ताणला जाईल आणि तरी सोडणार नाही असा डिंक करायचा, एवढ्या एका गोष्टीमागे मी एकोणीस वर्षं आहे. कोणाला हे सांगितलं की समोरचा माणूस चेहरा मऊ करून माणसं, नाती, बंध असलं काहीतरी बोलायला लागतो. अशा वेळी मी पाणी प्यायला उठतो. मी दोन प्रकारच्या लांब रेणूंच्या साखळ्या, म्हणजे पॉलिमर, पाण्यात एकत्र ढवळतो, त्यातल्या कुठल्याही साखळीला कोणाची आठवण येत नाही.

सतरावी बॅच चुकून जमली असं आता म्हणावं लागेल. तेव्हा तसं कोणी म्हणत नव्हतं. तो लेप वाळल्यावर मी पत्रा पेन्सिलीभोवती गुंडाळला, भेग नाही. चिकटपट्टी दाबून ओढली, पट्टी स्वच्छ निघाली, जिथं इतर वेळी तिच्यावर काळा थर येतो. त्या लेपाचे सेल आठशे फेऱ्या चालले. आमच्या संचालकांनी तो आलेख प्रत्येक बैठकीत दाखवला, अगदी ज्या बैठकीचा बॅटरीशी संबंध नव्हता तिथंही. आणि मग तो लेप पुन्हा कोणाला जमला नाही. मी चारदा केला, दोनशे फेऱ्यांच्या आत खपल्या. मग मुंगीला खास याच कामासाठी घेतलं. तिचं काम एका ओळीचं होतं, सतरावी पुन्हा करून दाखवायची. तिनं एक्केचाळीस वेळा केली. पाणी बदललं, काच बदलली, ओव्हनच्या प्रत्येक कप्प्यात लेप वाळवून पाहिला. मागच्या आठवड्यात संचालकांनी फाइलवर लिहिलं, 'हाताचा प्रश्न असावा.' महिनाअखेरीस तिची मुदत संपते, बुधवारी आढावा आहे, आणि त्या वेळच्या मूळ पॉलिमरची एकच बाटली उरली आहे, तीही एका खेपेपुरती. ती खेप ती उद्या, शुक्रवारी करणार होती. आणि आता चार तास ढवळून ती ते द्रावण तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवणार होती, कारण मी तसं सांगितलं होतं.

दिवसभर मी तिच्या टेबलाजवळून चार वेळा गेलो. ती बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत होती. प्रत्येक वेळी बोलायचं ठरवून जायचो आणि झाकण आहे का, पेन आहे का असलं विचारून परत यायचो. ती प्रत्येक वेळी देत गेली. संध्याकाळपर्यंत माझ्या खिशात तिची तीन पेनं जमली होती.

फ्रीजमध्ये ते द्रावण नव्हतं. त्या शुक्रवारी दुपारी एकला मी बीकर स्टररवर ठेवला, वर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा ताणून बसवला. स्टरर म्हणजे एक चपटी पेटी, तिच्यातलं चुंबक फिरतं आणि त्याच्या ओढीनं बीकरातली पांढरी गोळी फिरते. गोळी मधूनच काचेला टेकते आणि टिक असा आवाज येतो. सकाळीच मी वहीत पुढचं सगळं लिहून ठेवलं होतं : ढवळणे, ४ तास. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी बजावतो, आधी करा मग लिहा, आणि स्वतः मात्र सकाळी दिवसभराची कृती लिहून मोकळा होतो, नंतर नुसत्या बरोबरच्या खुणा करतो. अडीचला फोन वाजला. दादा होता. दादा कामाच्या वेळी कधी फोन करत नाही. तो म्हणाला, "आई गेली," आणि मग, "ऐकतोयस ना?" मी म्हणालो, ऐकतोय. मी खरं म्हणजे त्या गोळीचा आवाज ऐकत होतो. मग मी कोट घेतला आणि निघालो. पेटीचं बटण माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होतं. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं विचारलं, आज लवकर? मी म्हणालो, हो, जरा काम आहे. हे शब्द मला स्पष्ट आठवतात. त्यांच्यात खोटं काहीच नव्हतं.

बसनं सात तास. दादाकडे खूप माणसं होती आणि मला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं होतं. जे करायचं असतं ते सगळं दादानं केलं, मी शेजारी उभा राहिलो. वहिनीनं मला आईचं कपाट उघडून दाखवलं, काय हवं ते घे म्हणाली. वरच्या कप्प्यात एक चपटा ब्रश होता, केस झिजून नखाएवढे उरलेले. आई घरी पाकिटं चिकटवायची, हजारामागे ठरलेल्या मजुरीवर, आम्ही दोघं शाळेत असताना. त्यासाठी ती पिठाची खळ शिजवायची. मी ब्रश हातात घेतला, पुन्हा ठेवला, आणि म्हणालो, राहू दे इथंच. कशासाठी राहू दे म्हणालो ते मला अजून समजलेलं नाही. नंतर दादानं घर बदललं. कपाटाचं काय झालं हे मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. आता आमचे फोन वाढदिवसाला होतात, आणि बोलणं हवेवरून सुरू होऊन हवेवरच संपतं.

आईचा फोन रविवारी दहाला यायचा. ती विचारायची, "या आठवड्यात काय चिकटवलंस?" मी सांगायचो. ती विचारायची, "किती दिवस धरलं?" मी फेऱ्यांचा आकडा सांगायचो आणि ती तोंडानं च् करायची, जणू मी पाकिटाची कड नीट दाबली नव्हती. या जगात माझ्या कामाबद्दल नेमका प्रश्न विचारणारं ते एकच माणूस होतं. माझं लग्न जमता जमता राहिलं, मित्र आपापल्या मुलाबाळांत गुंतले, आणि हे सगळं इतकं हळूहळू झालं की तक्रार कोणत्या तारखेपासून करावी हेच कळेना. रविवारी दहाला मी अजूनही फोन खिशातून काढून टेबलावर ठेवतो. ओट्यावर ठेवला तर मिक्सरच्या आवाजात ऐकू येणार नाही, असा एक विचार तेव्हापासून डोक्यात आहे, तो काही जात नाही.

आणि सोमवारी मी कोणाला काही सांगितलं नाही. का नाही सांगितलं हे मी स्वतःला कित्येकदा विचारलं आहे. बस साडेसहाला पोहोचली. घरी जाऊन कुलूप उघडायची भीती वाटली, म्हणून बॅगेसकट थेट प्रयोगशाळेत आलो. सात वाजले होते, कोणी नव्हतं. दिवा लावायच्या आधी अंधारात तो आवाज आला. टिक. थोडं थांबून, टिक. ते तीन दिवस एकटंच फिरत होतं. मी पुढं काय केलं ते आता गुरुवारी संध्याकाळी, घरी, खुर्चीवरचे कपडे बाजूला करून बसल्यावर, मला एकेक करून आठवायला लागलं. द्रावण काचेसारखं स्वच्छ होतं. काडीनं उचललं तर न तुटता धार खाली गेली. आणि पातळीच्या दोन बोटं वर, काचेच्या आतून, वाळलेल्या जेलीचं एक कडं होतं. ते मी नखानं खरवडलं. नखाखाली ते दिवसभर होतं. मी ते पाहिलं, खरवडलं, आणि त्याबद्दल काहीही विचार केला नाही. 'ढवळणे, ४ तास' या ओळीपुढं बरोबरची खूण केली आणि भुकटी मोजायला घेतली.

आमच्या या दोन साखळ्यांचं द्रावण चार तासांत स्वच्छ दिसतं. रात्रभर बाहेर ठेवलं तर सकाळी त्याची जेली होते, बीकर उलटा केला तरी पडत नाही. मग ते गेलं, बेसिनमध्ये टाकायचं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मुंगीनंही एकदा रात्रभर ठेवून पाहिलं होतं आणि टाकून दिलं होतं. जेली झाल्यावर आणखी दोन दिवस ढवळत राहण्याचा गाढवपणा कोणीच केला नसता. आई खळ शिजवायची तेव्हा पीठ आधी दुधासारखं पातळ असायचं आणि मग एकाएकी गुठळ्या व्हायच्या. शेजारची बाई शिकायला आली होती, तिनं गुठळ्या बघून घाबरून पातेलं खाली उतरवलं. आईनं ते परत चढवलं. "बिघडली नाहीये," ती म्हणाली, "अजून व्हायचीय. हात थांबवू नका." मी तिथंच बसून पाकिटांची घडी घालत होतो, आठ-नऊ वर्षांचा. या बाईचा मुलगा असून मी एकोणीस वर्षं घट्ट झालेली द्रावणं बेसिनमध्ये ओतत आलो.

मला हे आधीपासून माहीत होतं का, हा प्रश्न त्या संध्याकाळी मी पुष्कळ उलटसुलट केला. बीकर फिरत राहिला होता हे माहीत होतं. सतरावी जमली हे माहीत होतं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात तीन वर्षं राहिल्या आणि एकदाही समोरासमोर आल्या नाहीत. मी त्या तीन दिवसांकडे पाठ करून बसलो होतो, आणि पाठीमागे काय आहे ते माणसाला दिसत नाही हे खरं असलं तरी पाठ कोणी केली हेही खरंच आहे. मुंगीचे एक्केचाळीस लेप मी हातात घेऊन पाहिले होते. प्रत्येकाबद्दल काहीतरी हुशारीचं बोललो होतो.

खरी अडचण मात्र दुसरीच होती, आणि ती इतकी हास्यास्पद होती की मी खुर्चीत एकटाच हसलो. सामान देण्याच्या खिडकीत आमचे भांडारी बसतात. हातमोजे, पत्रे, बाटल्या, सगळं त्यांच्या हातून मिळतं. आई एकदाच माझ्याकडे आली होती, जायच्या चार महिने आधी. मी तिला प्रयोगशाळा दाखवली. तिनं लेप दिलेला पत्रा चिमटीत धरून बघितला आणि कडेला पातळ झालंय म्हणाली, ते खरंही होतं. मग मी बैठकीत अडकलो आणि ती अर्धा तास भांडाऱ्यांच्या खिडकीपाशी बोलत उभी राहिली, गुडघ्याबद्दल, पाकिटांबद्दल, माझ्याबद्दल. त्या सोमवारी साडेआठला मी तांब्याचा पत्रा आणायला गेलो तेव्हा भांडारी म्हणाले, "आई कशा आहेत?" मी सांगायला तोंड उघडलं. माझ्या मागं कोणीतरी हातमोज्यांसाठी खोळंबून उभं होतं, पायांची चुळबुळ ऐकू येत होती. मी म्हणालो, "बऱ्या आहेत." त्या दिवशी सांगितलं नाही म्हणून मंगळवारी सांगता येईना, आणि आठवड्यानं सांगायचं तर आधी का नाही हेही सांगावं लागलं असतं. ते महिन्या-दोन महिन्यांनी विचारत राहिले. बऱ्या आहेत एवढ्यानं त्यांचं समाधान होईना, म्हणून मी थोडं थोडं घालत गेलो. गुडघा दुखतो म्हणालो, तर त्यांनी मलमाची ट्यूब आणून दिली. मग मी माझ्या गेलेल्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं. डाव्या डोळ्याचं. चांगलं झालं म्हणालो, आता वर्तमानपत्र वाचते. खरं सांगायचं तर ज्या दिवशी भांडारी विचारायचे तो दिवस मला बरा जायचा. ट्यूब माझ्या आरशाच्या फळीवर आहे, न उघडलेली.

आणि आमच्याकडे वहीतली नोंद दुरुस्त करायचा एक नियम आहे. खोडायचं नाही. चुकीच्या शब्दांवर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर काय ते, आजची तारीख, कारण आणि सही. खाली साक्षीदाराची सही, आणि साक्षीदार त्या कामाशी संबंध नसलेला हवा. बाकी सगळे कायम बैठकीत असतात, म्हणून आमच्या मजल्यावरचे साक्षीदार वर्षानुवर्षं भांडारीच आहेत. ते वाचल्याशिवाय सही करत नाहीत. कारणाच्या जागी सगळे 'नजरचूक' लिहितात. त्यावर ते दरवेळी चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, तुमच्या मजल्यावर सगळ्यांचे डोळे तपासून घ्या एकदा.

शुक्रवारी मी नेहमीपेक्षा अर्धा तास आधी गेलो. मुंगी माझ्याही आधी आली होती. शेवटची बाटली तिनं वजनकाट्याशेजारी काढून ठेवली होती आणि हातमोजे चढवत होती. मी उभ्या उभ्या म्हणालो, "ते फ्रीजमध्ये नव्हतं. स्टररवर होतं. शुक्रवारी एक ते सोमवारी सात." तिनं बोटांवर मोजलं. "सहासष्ट तास," ती म्हणाली. "पण त्याची दुसऱ्या दिवशी जेली होते, सर." होते, मी म्हणालो, आणि ढवळत राहिलं की पुढं सुटते, काचेवर वाळलेल्या जेलीचं कडं होतं. कडं वहीत लिहिलंय का, तिनं विचारलं. नाही. आणखी कोणी पाहिलं? नाही. तिनं उघडलेल्या बाटलीचं झाकण पुन्हा फिरवून बंद केलं. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती आपल्या पंजांकडे बघत होती, निळ्या मोज्यांतल्या.

"चौदा महिने मी माझे हात बघतेय, सर," ती म्हणाली. "घरी कांदा चिरतानासुद्धा."

मला माफी मागता आली नाही. माफी हा शब्द इतका लहान वाटला की तो काढून तिच्यापुढं ठेवायची लाज वाटली. मग तिनंच व्यवहाराचं काढलं. तुम्ही तोंडी सांगितलंत म्हणून ही बाटली मी वापरली आणि जमलं नाही, तर बुधवारी संचालकसाहेब म्हणतील कृती सोडून भलतंच केलं. जमलं तर म्हणतील हे दुसरंच काहीतरी आहे, सतरावी नाही. वहीत चार तास आहेत, माझ्या हातात चार तास आहेत. तुम्ही दुरुस्ती लिहा, मग मी बाटली उघडते. तिचं बरोबर होतं. मी तिच्याकडून वही घेतली, टेबलापाशी बसलो. '४ तास' वर रेघ मारली. एवढ्या वर्षांत मी अनेक आकड्यांवर रेघा मारल्या, पण ही मारताना पट्टी घेतली. शेजारी '६६ तास' लिहिलं. तारीख लिहिली. कारणापाशी पेन टेकवलं आणि 'नजरचूक' हा शब्द आपोआप बोटांत आला. पण बासष्ट तासांची नजरचूक कोण मान्य करणार? संचालक पहिल्या वाक्यातच म्हणतील, पोरीची नोकरी वाचवायला म्हातारा काहीही लिहितोय. टिकेल असं कारण एकच होतं, कारण ते खरं होतं आणि त्याची तारीख सरकारी दाखल्यावरही नोंदलेली होती. तरी मी बराच वेळ बसून राहिलो. या तीन वर्षांत ते शब्द मी कुठंही लिहिले नव्हते, कोणत्याही फॉर्मवर नाही, पत्रात नाही. दादानं ते फोनवर म्हटले होते, मी फक्त ऐकले होते. मग लिहिलं : 'आई वारली. त्या शुक्रवारी दुपारी अडीच ते सोमवारी सकाळी सात मी येथे नव्हतो. स्टरर बंद करण्याचे राहिले.' सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं.

मुंगीनं वही आपल्याकडे ओढून वाचलं. "सर," ती म्हणाली. थोड्या वेळानं तिनं घड्याळाकडे पाहिलं आणि विचारलं, तेव्हा एकलाच सुरू केलं होतं ना? मी हो म्हणालो. मग मीही एकलाच सुरू करते, ती म्हणाली, आणि बीकर धुवायला गेली. एकपर्यंत आम्ही दोघं तयारीला लागलो. तिनं बाटलीतला पॉलिमर मोजला, मी पाणी मोजलं. एकला तिनं बटण दाबलं, गोळी अडखळली, मग फिरायला लागली. उद्या याची जेली होईल, मी म्हणालो, घाबरून टाकून देऊ नकोस. "मी शनिवार-रविवार इथंच आहे," ती म्हणाली. "तुम्ही सही घेऊन या."

भांडाऱ्यांच्या खिडकीपर्यंत दोन जिने आणि एक लांब वाट आहे. वाटेत मी ठरवलं होतं की वही देताना आधी दोन शब्द बोलायचे. पण खिडकीत ते दिसले आणि मी नुसती वही सरकवली. ते म्हणाले, काय डिंकसाहेब, पुन्हा नजरचूक का, आणि चष्मा लावला. मी त्यांच्या मागच्या फडताळाकडे बघत राहिलो. खोके मापाप्रमाणे लावलेले होते, मोठे खाली. त्यांचं बोट ओळीवरून चाललं होतं. ते थांबलं, वर गेलं, तारखेपाशी, आणि पुन्हा खाली आलं. त्यांनी दुसऱ्यांदा वाचलं. मग चष्मा न काढता माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे मोतीबिंदू?" ते म्हणाले.

"नाही," मी म्हणालो.

"आणि मलम?"

"घरी आहे. तसंच आहे."

मला वाटलं होतं ते वही परत करतील, किंवा एखादं कडू वाक्य बोलतील, त्याची मी तयारी केली होती. त्यांनी बोट त्या ओळीवरच ठेवलं. मग हळूच म्हणाले की आमच्या हिला दोन वर्षं डॉक्टर सांगत होते, डोळा करून घ्या, ती ऐकेना, घाबरायची. तुमच्या आईंचं मी घरी जाऊन सांगितलं. एवढ्या वयाच्या बाईनं केलं, मग मला काय झालंय, म्हणाली, आणि गेली. डावाच. "आता हिला मी काय सांगू?" भांडारी म्हणाले. मी विचारलं, दिसतं ना त्यांना आता? दिसतं, ते म्हणाले, सुईत दोरा ओवते. आणि मग त्यांनी पेन उचललं, माझ्या सहीखाली आपली पूर्ण सही केली, तारीख घातली, वेळही घातली, एक वाजून पंचवीस.

वही परत द्यायच्या ऐवजी त्यांनी ती बंद करून आपल्यापाशी ठेवली आणि उठून बाजूचं दार उघडलं. त्या दारावर 'आत येऊ नये' असं लिहिलेलं आहे, आणि एकोणीस वर्षांत मी कोणाला आत जाताना पाहिलं नव्हतं. आत एक स्टूल होतं, त्यावरची यादी त्यांनी उचलली. "बसा," म्हणाले. मी बसलो. नव्या खोक्यांचा वास येत होता. "कशानं गेल्या?" त्यांनी विचारलं. मी सांगायला लागलो. झोपेत गेली, दुपारच्या. वहिनी उठवायला गेली तेव्हा हात गार लागला. मी बसनं गेलो. कपाटात ब्रश होता, तो मी आणला नाही. मी थांबलो नाही, ब्रशाचं दोनदा सांगितलं. तेवढ्यात खिडकीवर कोणीतरी टकटक केलं आणि हातमोजे मागितले, मोठ्या मापाचे, घाईत आहे म्हणून. भांडारी जागचे उठले नाहीत.

"थोड्या वेळानं या," ते म्हणाले. "साहेबांच्या आई गेल्यात."